मलेरियाचा डास नेमका ओळखायचा कसा?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहते, आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागूनच एका नवीन टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या मजुरांपैकी एकाच्या मुलाला मलेरिया निघालाय (रक्त तपासून खात्री झालेली आहे, औषध चालू आहे, आता ताप नाही) आणि तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी म्हणतंय धूर फवारणी करा, कोणी म्हणतंय मजुरांना तिथून हलवा, कोणी कापराच्या वड्या सुचवतंय. मला एक साधी गोष्ट कळून घ्यायची आहे. घरात जे डास दिसतात त्यातला मलेरियाचा कुठला आणि बाकीचे कुठले हे आपल्यासारख्या माणसाला ओळखता येतं का? डेंग्यूचा पट्टेवाला डास सगळ्यांना माहीत झालाय, पोस्टरवर असतो, पण मलेरियाचा कसा दिसतो हे दहा जणांना विचारलं तर दहा वेगळी उत्तरं मिळाली. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, लांब लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

पाऊसवेडी

चांगला धागा. आमच्याकडे बिबवेवाडीत पण हाच प्रश्न. माझी आजी म्हणायची की गुणगुणतो तो साधा आणि आवाज न करता चावतो तो मलेरियाचा, हे खरं आहे का?

किडेमकोडे

कीटकशास्त्र शिकतोय, डास हाच विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाऊसवेडी, आवाजावरून आपल्या कानाला ओळखता येत नाही. पंख सगळ्यांचेच वाजतात, कानाजवळ आला तर ऐकू येतो नाहीतर नाही. आवाजावर विसंबू नका.

आता मुद्दा. मलेरिया पसरवतो तो अ‍ॅनोफिलीस, आणि त्यातही फक्त मादी, कारण रक्त मादीलाच लागतं, अंडी तयार करायला. नर फुलातला मध आणि झाडांचा रस पिऊन जगतो. आपल्या घरात साधारण तीन प्रकारचे डास सापडतात, अ‍ॅनोफिलीस, एडिस आणि क्युलेक्स. एडिस म्हणजे डेंग्यू, चिकनगुनिया, झिकावाला, काळा, पायांवर ठळक पांढरे पट्टे, दिवसा चावतो. क्युलेक्स म्हणजे आपला रोजचा, मातकट तपकिरी, अंगावर काही खास नक्षी नाही, रात्री चावतो, घाण पाण्यात वाढतो. पुण्यात संध्याकाळी खिडकी उघडी राहिली की जे घरात घुसतात त्यात बहुतेक हेच असतात.

अ‍ॅनोफिलीस ओळखायची पहिली खूण म्हणजे तो बसतो कसा. क्युलेक्स आणि एडिस भिंतीवर बसले की त्यांचं पोट भिंतीला समांतर असतं आणि पाठीला कुबड आल्यासारखं दिसतं. अ‍ॅनोफिलीसची सोंड, डोकं, पोट सगळं एका सरळ रेषेत आणि ती रेषा भिंतीपासून तिरकी, साधारण ४५ अंशात, म्हणजे भिंतीत अर्धवट ठोकलेल्या वाकड्या खिळ्यासारखा दिसतो. शेपटीकडची बाजू वर, डोकं भिंतीकडे. एकदा बघितलं की परत विसरत नाही माणूस.

दुसरी खूण पंख. अ‍ॅनोफिलीसच्या पंखाच्या पुढच्या कडेला काळे-पांढरे ठिपके असतात, क्युलेक्सचे पंख साधे असतात. मोबाईलला ते स्वस्तातलं मॅक्रो लेन्सचं क्लिप मिळतं ते लावून बघा, किंवा दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

तिसरी खूण जरा बारकाईची आहे. सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन काड्या असतात, त्यांना पाल्प म्हणतात. अ‍ॅनोफिलीस मादीचे पाल्प सोंडेएवढेच लांब असतात त्यामुळे भिंगातून तीन सोंडा असल्यासारखं दिसतं, क्युलेक्स आणि एडिस मादीचे एकदम आखूड असतात. आणि ज्याच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार तो नर, तो चावतच नाही.

जुना_हौद

वा, मस्त माहिती. पंखावरच्या ठिपक्यांवरून आठवलं, रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांनी सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ ला ज्या डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पहिल्यांदा पाहिले तो असाच ठिपकेदार पंखांचा होता ना? त्याआधी ते तपकिरी आणि करड्या डासांची पोटं फाडून बघत होते आणि काहीच हाती लागत नव्हतं. म्हणजे एका अर्थी सगळं अडलं होतं ते डास ओळखण्यावरच.

किडेमकोडे

हो, तोच. मलेरियाच्या रुग्णाला चावलेले डास काही दिवस जिवंत ठेवून मग उघडायचे अशी पद्धत होती त्यांची. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून डासाच्या लाळेपर्यंतचा सगळा प्रवास दाखवला, त्याच सुमारास इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया अ‍ॅनोफिलीसमुळेच होतो हे सिद्ध केलं. रॉसना १९०२ चं नोबेल मिळालं.

वारजे_सेक्रेटरी

माहिती छान आहे पण मी सोसायटी चालवतो म्हणून विचारतो, एवढं बारीक बघत बसण्यापेक्षा सरळ आठवड्यातून दोनदा धूर मारला तर सगळेच मरतील की, मलेरियाचा असो नाहीतर साधा. आमच्याकडे सभासद धुराचीच मागणी करतात, गाडी आली की लोकांना बरं वाटतं.

हिवतापवाला_काका

सेक्रेटरी साहेब, इथे मी बोलतो. माझी सगळी नोकरी हिवताप विभागात गेली, काही वर्षं गडचिरोलीत, नंतर शहरात. धूर जो उडतोय त्याच डासाला लागतो, आणि तोही त्या वेळेपुरता. जो कपाटामागे बसलाय तो वाचतो, आणि पाण्यात ज्या अळ्या आहेत त्यांना तर पत्ताही लागत नाही, त्या दोन-चार दिवसांत डास होऊन बाहेर येतात आणि तुमची सोसायटी परत होती तशी. साथ चालू असताना रुग्णाच्या घराच्या आसपास धूर करतात त्याला कारण आहे, पण दर आठवड्याला गेटपासून पार्किंगपर्यंत गाडी फिरवणं म्हणजे पैसे जातात आणि डास राहतात.

आपल्या देशाने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतलाय. १९५३ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरात भिंतींवर डीडीटी मारली, १९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास आले. सगळ्यांना वाटलं संपला हिवताप. आणि १९७६ ला परत ६४ लाखांच्या वर गेले! शहरांमध्ये भिंतीवर फवारून भागत नव्हतं म्हणून १९७१ मध्ये शहरी हिवताप योजना वेगळी काढली, त्यात सगळा भर अळ्या मारण्यावर. कारण शहरातला डास टाकीतून येतो.

म्हणून डास ओळखायचा तो कशासाठी, तर पाणी कुठे शोधायचं ते कळावं म्हणून. घरात क्युलेक्स सापडले तर गटार, ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँकचा उघडा पाइप बघा. एडिस सापडला तर फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, टायर, नारळाच्या करवंट्या. आणि अ‍ॅनोफिलीस सापडला तर स्वच्छ साठवलेलं पाणी बघा, गच्चीवरच्या टाक्या, विहीर, कारंजं, बांधकाम. तीन डासांचे तीन पत्ते आहेत, चुकीच्या पत्त्यावर शंभर वेळा गेलात तरी उपयोग नाही.

पाऊसवेडी

काका, हे पहिल्यांदाच कळलं. मी समजत होते मलेरिया म्हणजे गटार आणि घाण. मग नदीकाठी जे डासांचे लोट उठतात ते? २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीला नदीवर डासांचे खांबच्या खांब दिसले होते, व्हिडिओ सगळीकडे फिरला होता.

किडेमकोडे

नदीतलं सांडपाणी आणि जलपर्णी हे मुख्यतः क्युलेक्सचं राज्य, आणि जलपर्णीच्या मुळांना चिकटून मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या वाढतात. त्रास प्रचंड होतो, झोप लागत नाही, हत्तीरोग क्युलेक्समुळे पसरतो, तेव्हा ते साफ व्हायलाच हवं यात वाद नाही. पण पुण्या-मुंबईसारख्या शहरात मलेरियाचा मुख्य वाहक म्हणजे अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी, आणि त्याला साठवलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आवडतं.

स्टिफेन्सी ओळखायला पायांवर आणि पाल्पवर बघायचं, दोन्हीवर पांढरे बारीक शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात, पाल्पच्या टोकाकडे दोन रुंद पांढरे पट्टेही असतात. आपल्याकडे सबपिक्टस नावाचा अ‍ॅनोफिलीसही भरपूर सापडतो, बसतोही तसाच तिरका, पण त्याच्या पायांवर हे शिंतोडे नसतात. त्यामुळे तिरका दिसला की लगेच घाबरून जायचं कारण नाही. प्रजाती पक्की करायची असेल तर नमुना कीटकशास्त्रज्ञालाच दाखवायला हवा.

हा स्टिफेन्सी आता आपल्यापुरता राहिलेला नाही बरं का. २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला सापडला, नंतर इथिओपियात, आणि तिकडचा मलेरिया आतापर्यंत मुख्यतः खेड्यातला होता तो शहरात शिरेल म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिलाय. आपल्या गच्चीवरच्या टाक्यांमधला डास तिकडे जाऊन बसलाय.

हिवतापवाला_काका

एक भर घालतो. तिरकं बसणं ही खूण चांगली आहे पण फक्त तिच्यावर जाऊ नका. खेड्यापाड्यात जो क्युलिसिफेसिस हिवताप पसरवतो तो अ‍ॅनोफिलीस असूनही फारसा तिरका बसत नाही, साध्या डासासारखाच दिसतो. नवीन पोरांना आम्ही पंख आणि पाल्प बघायलाच लावायचो.

आणि खरं सांगू का, उडता डास पकडण्यापेक्षा अळी ओळखणं शंभरपट सोपं आहे. एक पांढरं ओगराळं किंवा पांढरा प्लास्टिकचा डबा घ्या, टाकीच्या कडेने हळूच तिरका बुडवून पाणी घ्या, सावली पाडू नका नाहीतर अळ्या खाली पळतात, आणि मिनिटभर हात न हलवता थांबा. अळ्या वर येतात. ज्या पाण्याला डोकं खाली करून लटकतात आणि शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून श्वास घेतात त्या क्युलेक्स किंवा एडिस, क्युलेक्सची नळी लांब आणि एडिसची आखूड जाड. आणि ज्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या असतात, नळी नसलेल्या, त्या अ‍ॅनोफिलीस. त्याला भिंग लागत नाही, चष्मा असला की झालं. अजून एक गंमत बघायला मिळते, ही अळी खाताना डोकं पूर्ण उलटं फिरवते, अंग तसंच, पाठ वर, आणि तोंड मात्र वरच्या बाजूला, पृष्ठभागावरचं खाण्यासाठी. शाळेतल्या मुलांना दाखवलं की पोरं हलत नाहीत तिथून.

स्लॅबवाला

मी बांधकामातला आहे, साइटवर असतो, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो. स्लॅब टाकला की त्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, क्युरिंगसाठी. साधं सिमेंट असेल तर कमीत कमी ७ दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस ओलं ठेवावंच लागतं, नाहीतर काँक्रीट कच्चं राहतं. आणि डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणजे आम्ही जणू वेळापत्रकच जुळवून देतो त्याला. उपाय आहे पण. ते पाणी दर चार-पाच दिवसांनी सोडून द्यायचं, एक दिवस स्लॅब फक्त ओल्या गोणपाटाने झाकायचा, परत भरायचं. काँक्रीटचं काही बिघडत नाही.

पण माझ्या मते स्लॅबपेक्षा जास्त धोका लिफ्टच्या खड्ड्यात आहे. काम चालू असताना तिथे पावसाचं पाणी साठतं, अंधार असतो, कोणी उतरत नाही, पंप लावायचा म्हणजे कोणाच्या तरी मागे लागावं लागतं. मग विटा भिजवायचं टाकं, मजुरांच्या झोपड्यांपुढची निळी पिंपं, बेसमेंट. रानजाई ताई, तुमच्या शेजारच्या साइटला आधी लिफ्टचा खड्डा बघायला सांगा.

काचपट्टी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डास ओळखा जरूर, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, डास बघून त्याच्यात मलेरिया आहे की नाही हे कधीच कळणार नाही. त्याने आधी मलेरियाच्या रुग्णाला चावलेलं असायला हवं, मग जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेत यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, त्यानंतरच तो दुसऱ्याला देऊ शकतो. मग माणसात ताप यायला अजून दहा-पंधरा दिवस. म्हणजे आज ज्याला ताप आलाय त्याला डास चावून साधारण दहा-पंधरा दिवस तरी होऊन गेलेत, तो इथे चावला की गावी की प्रवासात हे विचारल्याशिवाय समजत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुण्यात पावसाळ्यात ताप आला आणि प्लेटलेट कमी दिसल्या की घरचे डेंग्यूच धरून चालतात, फक्त डेंग्यूची टेस्ट करतात आणि ती निगेटिव्ह आली की व्हायरल म्हणून गप्प बसतात. मलेरियातही प्लेटलेट पडतात! थंडी वाजून ताप, घाम येऊन उतरणं, एक दिवसाआड परत, हे चित्र पुस्तकात असतं, प्रत्यक्षात सुरुवातीला रोजच ताप येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांना मलेरियाचंही बघा म्हणून सांगा. बोटातून थेंब घेऊन करायची रॅपिड टेस्ट थोड्या वेळात सांगते, आणि काचेवरची रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की व्हायव्हॅक्स की फॅल्सिपेरम (मलेरियाच्या जंतूंच्या दोन मुख्य जाती) ते कळतं. जाड थर जंतू आहेत का शोधायला, पातळ थर कुठल्या जातीचे ते ओळखायला. औषध सुरू करायच्या आधी रक्त द्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

व्हायव्हॅक्स असेल तर जंतू यकृतात लपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत ताप येतो, त्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स देतात. ताप उतरला म्हणून तो मध्येच सोडणारे खूप बघितलेत, तेच पेशंट परत लॅबला येतात. (गरोदर बाई, तान्हं बाळ आणि जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेले यांचं वेगळं असतं, स्वतःच्या मनाने घेऊ नका.)

वारजे_सेक्रेटरी

काचपट्टी, म्हणजे मजुरांना हलवून काही होणार नाही असं म्हणायचंय का? आमच्याकडच्या लोकांचं म्हणणं आहे की हा आजार ते गावाहून घेऊन येतात.

हिवतापवाला_काका

कुणी आणला हे विचारून डास चावायचा थांबतो का साहेब? समजा एखादा माणूस गावाहून अंगात जंतू घेऊन आला. तुमच्या टाकीत अ‍ॅनोफिलीस नसेल तर तो आजार त्याच्यापुरताच राहतो. टाकीत असेल तर तो तुमच्या चौथ्या मजल्यापर्यंत जातो. आणि त्या मजुराला हाकलला तर तो उपचार अर्धवट टाकून दुसऱ्या साइटवर जाईल, तिकडे पसरेल. त्याचं रक्त तपासा, औषध पूर्ण घ्यायला लावा, रात्री झोपायला मच्छरदाणी द्या. उघड्यावर, पत्र्याच्या खोलीत झोपणारी माणसं आहेत ती, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त डास त्यांनाच चावतात. गडचिरोलीत मी बायकांना डोक्यावर तापलेलं पोर घेऊन कितीतरी मैल चालत आलेलं बघितलंय, पुण्यात दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना आपण माणसांना हाकलायच्या गोष्टी करतो याचा मला राग येतो, स्पष्ट लिहितो.

पाऊसवेडी

काकांना शंभर टक्के अनुमोदन.

गप्पी माशांबद्दल पण सांगा ना कोणीतरी. आमच्या बागेतल्या टाक्यात सोडू का?

किडेमकोडे

बागेतलं टाकं, बंद कारंजं, वापरात नसलेली विहीर, यात जरूर सोडा, गप्पी अळ्या चांगल्या खातात आणि मनपाच्या आरोग्य खात्याकडे मिळतात. फक्त नदी, ओढा, तलाव यात सोडू नका प्लीज, हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही, तिथल्या स्थानिक माशांना त्रास होतो. पिण्याच्या टाकीला मासे नकोत, तिथे घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लो व हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी. झाकण आहे असं सगळेच सांगतात, पण त्याला तडा असतो किंवा वायर जायला भोक पाडलेलं असतं, आणि डासाला तेवढं पुरतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी मी, आमच्या अध्यक्ष वहिनी आणि शेजारच्या साइटचे सुपरवायझर असे तिघं ओगराळं आणि टॉर्च घेऊन फिरलो. स्लॅबवाला दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं, त्यातून काढलेल्या पाण्यात अळ्या काठाजवळ आडव्या पडलेल्या, नळी नाही, बोट लावलं की मागे मागे सरकत होत्या. व्हिडिओ काढलाय. विटांच्या टाक्यातल्या मात्र लटकणाऱ्या होत्या. आणि आमच्या स्वतःच्या बी विंगच्या टाकीच्या पाइपला जाळीच नाही! पाण्यात अळ्या दिसल्या नाहीत, जाळी आज बसवली.

सुपरवायझरनी रात्रीच पंप लावून खड्डा रिकामा केला. मनपाच्या आरोग्य कोठीला कळवलंय, ते येऊन साइटवरच्या सगळ्यांचं रक्त घेणार आहेत. मुलाच्या आईला गोळ्यांचं वेळापत्रक कॅलेंडरवर खुणा करून दिलंय.

एकच प्रश्न राहिला, खड्ड्यात पाऊस आला की परत पाणी साठणार, दर वेळी पंप लावणं जमलं नाही तर?

स्लॅबवाला

खड्ड्याच्या एका कोपऱ्यात खोलगट जागा करून घ्या आणि तिथे छोटा पंप कायमचा सोडून ठेवा, पाणी वाढलं की आपोआप चालू होणारा मिळतो. तोपर्यंत वरून पत्रा टाका.

हिवतापवाला_काका

आणि आरोग्य कोठीवाले येतील तेव्हा त्यांच्याकडून अळीनाशक टाकून घ्या, किती टाकायचं ते त्यांनाच ठरवू द्या. पंप लागेपर्यंत आठवड्याचा एक वार ठरवा, त्या वारी खड्डा उपसायचा आणि ओगराळं घालून बघायचं. तो व्हिडिओ इथे टाका, किडेमकोडे बघून सांगतील. मुलाच्या गोळ्या संपल्या की परत एकदा रक्त तपासून घ्यायला त्याच्या आईला सांगा.